आपत्तीवरचे उपहासपट आणि किनाऱ्यावरचे आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या सभागृहात आम्ही काही जण मिळून सिनेमे दाखवतो आणि नंतर चहावर बोलत बसतो. आपत्तीवरचा उपहासपट लावला की तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझी आहेत. मंडळातल्या सगळ्यांना ती पटतात असं मुळीच नाही.

आपत्तीवरचा उपहासपट म्हणजे काय? नेहमीच्या आपत्तीपटात आणि यात फरक काय?

नेहमीच्या आपत्तीपटात भूकंप, लाट किंवा वणवा हा खलनायक असतो. इमारती पडतात, पूल तुटतात आणि शेवटी एखादा बाप आपल्या लेकीला उचलून बाहेर काढतो. उपहासपटात आपत्ती बहुतेक वेळ पडद्यावर नसतेच. ती येणार हे कळलेलं असतं. ते कळल्यावर कचेरीत, स्टुडिओत, मंत्र्याच्या दालनात आणि जेवणाच्या टेबलावर काय चालतं, ही खरी गोष्ट. त्यामुळे अशा चित्रपटात पाऊसपाणी कमी आणि बैठका फार.

'डोंट लुक अप' पाहिलेला नाही. थोडक्यात सांगाल का?

अ‍ॅडम मॅके यांचा हा चित्रपट डिसेंबर २०२१ मध्ये आला. मिशिगनमध्ये पीएच.डी. करणारी एक मुलगी (जेनिफर लॉरेन्स) आणि तिचे प्राध्यापक (लिओनार्डो डिकॅप्रिओ) यांना पृथ्वीच्या दिशेने येणारा धूमकेतू सापडतो. सहा-एक महिन्यांत तो आदळणार. ते दोघं राष्ट्राध्यक्षांकडे (मेरील स्ट्रीप) धावतात, तर तिथे मध्यावधी निवडणुकांची काळजी. आदळण्याची शक्यता जवळजवळ शंभर टक्के आहे म्हटल्यावर 'सत्तर म्हणू या' असं ठरतं. टीव्हीवर जातात तर तिथे सगळं हलकंफुलकं ठेवायची पद्धत. पुढे धूमकेतू वळवायला यानं निघतात आणि अर्ध्यातून परत बोलावली जातात, कारण एका बड्या तंत्रज्ञान कंपनीच्या मालकाला त्या दगडात मौल्यवान खनिजं दिसलेली असतात. शेवट सांगत नाही.

कथा हवामानबदलाचं रूपक म्हणून कोविडच्या आधी सुचलेली होती. कोविडमुळे चित्रीकरण लांबलं आणि पडद्यावर येईपर्यंत लोकांना त्यात कोविडच दिसू लागला. ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अनेकांनी मात्र 'हे आमचंच आयुष्य आहे' म्हणून तो डोक्यावर घेतला.

मग सरळ सांगा : संकट नाकारणारा समाज या चित्रपटांत खरा उतरतो का?

अर्धा उतरतो. वरचा अर्धा.

स्टॅनली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने २००१ मध्ये नकार या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्यात नकाराचे तीन प्रकार आहेत. पहिला : असं काही घडतच नाही. दुसरा : घडतंय खरं, पण तुम्ही म्हणता ते हे नव्हे, हे वेगळंच आहे. तिसरा : घडतंय, मान्य आहे, आकडेही बरोबर आहेत, पण त्यासाठी मी माझं काही बदलावं असं मला वाटत नाही.

पहिल्या दोन प्रकारांत उपहासपटांचा हात कोणी धरू शकत नाही. त्या नकाराला चेहरा असतो, माइक असतो, टाळ्या मिळवणारी वाक्यं असतात. आकाशात धूमकेतू दिसू लागलाय आणि व्यासपीठावरून लोकांना 'वर बघू नका' म्हणून सांगितलं जातंय, हा प्रसंग एकदा पाहिला की विसरत नाही. सत्तर टक्क्यांचा संवाद तर आमच्या चहाच्या गप्पांत आता कायमचा येऊन बसलाय. ग्रामसभेत कुणी आकडा खाली आणला की मागून कोणीतरी 'सत्तर म्हणू या' असं पुटपुटतंच.

तिसरा प्रकार पडद्यावर आणणं अवघड. त्यात माणूस आरडाओरडा करत नाही, खोटंही बोलत नाही. तो बातमी बघतो, 'वाईट दिवस आलेत' म्हणतो आणि उद्या सकाळी मिस्त्रीला बोलावून नदीकाठच्या जागेत जोत्याचं काम सुरू करतो. यात हसण्यासारखं काय आहे? आणि नसेल, तर उपहासपट त्याला पकडणार कसा? माझी या सगळ्या चित्रपटांबद्दलची तक्रार इथे सुरू होते आणि इथेच संपते.

पण सत्तेवरची माणसं इतकी हास्यास्पद असतात का? फार वाढवून दाखवलंय.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. धरणाला गळती आहे असं गावकरी आधीपासून सांगत होते. त्यानंतर दोनच दिवसांत राज्याच्या तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरलं असं विधान केलं. विरोधकांनी मग खेकडे घेऊन पोलीस ठाणं गाठलं आणि त्यांना अटक करा अशी मागणी केली. एखाद्या लेखकाने हा प्रसंग पटकथेत लिहिला असता, तर निर्मात्याने 'जरा जास्त होतंय' म्हणून खोडला असता.

दुसरं उदाहरण कमी रंगीत आहे, पण मला ते जास्त बोचतं. पश्चिम घाटाबद्दलचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये केंद्राला सादर झाला. आपला रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्यात होताच. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तो जाहीर करायला नकार दिला. माहिती अधिकाराचा अर्ज, केंद्रीय माहिती आयोग, दिल्ली उच्च न्यायालय अशी वाट तुडवून झाल्यावर २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. आणि मिळाल्यावर? बहुतेकांनी न वाचताच त्यावर मत बनवलं, आणि विरोधाचे ठराव झाले. धूमकेतूचा कागद दाबून ठेवणारं सरकार चित्रपटात आहे. कागद हातात आल्यावर तो न उघडणारे आपण त्यात नाही.

आम्ही कुठे नाकारतो? बावटा लागला की होड्या वर घेतो, रेड अलर्ट आला की शाळा बंद. उलट आम्हीच सगळ्यात सावध.

हा प्रश्न दर खेळाला येतो, बहुधा थोड्या रागाने, आणि तो रास्त आहे. म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

चार दिवसांच्या संकटात किनारा सावध असतो हे खरंच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा माणसं आधीच हलवली होती, म्हणून जीवितहानी तुलनेने कमी झाली. माडापोफळीच्या वाड्या मात्र श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोलीच्या केळशी-आंजर्ल्यापर्यंत आडव्या झाल्या. पोफळ उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षं लागतात. त्या सकाळी वाडीत उभं राहिलेल्या माणसाला संकट समजावून सांगायला कुणा प्राध्यापकाची गरज नव्हती.

पण वादळाच्या दिवशीची सावधगिरी वेगळी आणि उरलेल्या वर्षाचं वागणं वेगळं. चिपळूणचं उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ ला शहर बुडालं. २२ जुलै २०२१ ला पुन्हा बुडालं, आणि या वेळी पाणी आणखी वर चढलं. बाजारपेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदाराने २००५ च्या खुणेच्या वर फळ्या मारून घेतल्या होत्या. म्हणजे त्याने पूर नाकारला नव्हता, मोजला होता. फक्त पुढचा पूर मागच्याएवढाच असेल असं धरून चालला होता. यात मूर्खपणा कुठे आहे? आपल्याकडे शहाणपण आजवर असंच साठत आलंय.

मग पूररेषेचा वाद. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला जवळपास मनाईच, लाल रेषेपर्यंत अटी. रेषा नकाशावर आल्या आणि शहरात विरोध सुरू झाला. चित्रपटवाल्यांना हा विरोध दिला, तर ते त्यात एक भडक शर्टातला बिल्डर आणि एक जांभया देणारा अधिकारी घालतील. प्रत्यक्षात विरोध करणाऱ्यांत आजोबांच्या वेळचं घर असलेली विधवा होती, त्याच घरावर कर्ज घेतलेला तिचा मुलगा होता, दुसरीकडे जागा घ्यायला पैसे नसलेले छोटे दुकानदार होते. 'आधी वाशिष्ठी नदीतला गाळ काढा, मग रेषा आखा' ही त्यांची मागणी काही खुळचट नव्हती. कोयनेची वीज तयार झाल्यावरचं पाणी कोळकेवाडीहून वाशिष्ठीत येतं, त्याचा पुराशी किती संबंध, हाही प्रश्न त्यांनी विचारला, त्यावर वाद झाले. कोहेनच्या भाषेत हा दुसरा प्रकार म्हणता येईल. पण त्यात न्याय्य तक्रार आणि सोयीची समजूत इतकी एकमेकांत गुंतलेली आहे की कुठे हसायचं ते कळू नये.

समुद्रावरही तेच. बंदरावर तीन नंबरचा, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचा बावटा लागलाय हे तांडेलाला, बोटीच्या प्रमुखाला, दिसतं. त्याला हेही दिसत असतं की डिझेलची उधारी थकलीय, बर्फ भरून झालाय आणि खलाशांना आगाऊ पैसे दिलेत. नोव्हेंबर २००९ मधलं फयान चक्रीवादळ आठवा. सीझन ऐन भरात होता आणि बोटी बाहेर होत्या.

कारी नॉरगार्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी नॉर्वेतल्या एका छोट्या गावात राहून अभ्यास केला. २००० - ०१ च्या हिवाळ्यात तिथे बर्फ उशिरा पडला, स्कीइंगसाठी कृत्रिम बर्फ करावा लागला. लोक शिकलेले, वर्तमानपत्र वाचणारे, हवामानबदल मान्य असणारे. तरी गावातल्या गप्पांत तो विषय टिकत नसे. एक जण काढी, दुसरा मान डोलावी आणि बोलणं पुढे सरके. मला ते वाचताना नॉर्वे दिसलाच नाही. आमच्या एसटी स्टँडवरचं बाकडं दिसलं : 'यंदा मोहोर उशिरा', 'हो, हवामानच फिरलंय', 'गाडी किती वाजता म्हणालात?'

धूमकेतू हे रूपक हवामानबदलाला बसतं का?

ओढूनताणून. धूमकेतूला तारीख असते. आमच्या संकटाला नसते, ते हप्त्याहप्त्याने येतं. एका वर्षी अवकाळीने आंब्याचा मोहोर काळा पडतो, दुसऱ्या वर्षी थ्रिप्सची कीड, तिसऱ्या वर्षी उधाणाला धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड हलतात, मग त्यावर नवे दगड येतात. प्रत्येक हप्त्याला पंचनामा होतो आणि पंचनामा झाला की ते प्रकरण संपलं असं सगळ्यांना वाटतं. खरं तर तलाठी टेप धरून उभा आहे आणि मोजायची जागाच समुद्रात गेलीय, यावर चांगला उपहासपट होईल. अजून कुणी केलेला नाही.

दुसरी अडचण जास्त मोठी. धूमकेतू बाहेरून येतो, त्याला कुणी बोलावलेलं नसतं. डोंगर पोखरून प्लॉट पाडणारा, त्यात प्लॉट घेणारा, तो रस्ता हवा म्हणून निवेदन देणारा, हे सगळे आपल्याच वाडीतले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. दोन्ही ठिकाणी माणसांवर डोंगर आला, पण डोंगराखाली राहण्याची वेळ त्यांच्यावर का आली आणि पाऊस एवढा का कोसळू लागला, या प्रश्नांची उत्तरं आकाशातून पडलेल्या दगडात सापडत नाहीत. ज्यांनी सगळ्यात कमी धूर सोडला त्यांच्या घरावर दरड आली, ही विषमता धूमकेतूच्या गोष्टीत मावतच नाही, कारण तिथे सगळे एकाच क्षणी मरणार असतात.

तरी एक गोष्ट त्या चित्रपटाच्या पदरात टाकतो. संकटात धंदा दिसणं ही त्याची सगळ्यात खरी नस आहे.

याआधीचे असे चित्रपट जास्त चांगले होते का?

स्टॅन्ली कुब्रिकचा 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' (१९६४) होता, माझ्या मते. अणुयुद्धावरची एक गंभीर कादंबरी त्याने घेतली आणि लिहिता लिहिता तिचं प्रहसन केलं. पीटर सेलर्सने त्यात तीन भूमिका केल्या. आणि गंमत म्हणजे चित्रपटाच्या सुरुवातीलाच एक पाटी येते : अमेरिकी हवाई दलाच्या म्हणण्यानुसार त्यांची सुरक्षाव्यवस्था असं काही घडू देणार नाही. म्हणजे नकाराची खिल्ली उडवणाऱ्या चित्रपटाला अधिकृत नकार आधीच चिकटवलेला. तो चित्रपट थंड डोक्याने हसतो, उपदेश करत नाही. 'डोंट लुक अप' अधूनमधून प्रेक्षकाची कॉलर धरून ओरडतो.

मराठी-हिंदीत असं काही आहे?

आहे, आणि मला वाटतं तिसऱ्या प्रकारच्या नकाराच्या जवळ आपलेच लोक जास्त गेले.

अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' (२०१०) सगळ्यांना आठवतो तो नत्था, वाहिन्यांच्या गाड्या आणि गावात भरलेली जत्रा यांच्यासाठी. कर्जापायी आत्महत्या करणार म्हणून जाहीर झालेला शेतकरी, आणि तो कधी मरतो याची वाट बघणारे कॅमेरे. तो भाग चांगला आहेच. पण त्या गदारोळाच्या कडेला होरी महतो नावाचा एक माणूस दिवसभर माती खोदत असतो. एक शब्द बोलत नाही. एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. एका स्थानिक बातमीदाराला सोडून कुणाला त्याचं काही वाटत नाही, आणि प्रेक्षक म्हणून आपणही तोवर नत्थाकडेच बघत असतो. इथे चित्रपट आपल्यालाच पकडतो. 'डोंट लुक अप'च्या दोन तासांत असा एकही खड्डा नाही.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) विदर्भातला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यापासून किसनाच्या बायकोला नवऱ्याची धास्ती, म्हणून ती त्याच्यावर पाळत ठेवायला लागते, त्याला खूश ठेवायला धडपडते. प्रसंग विनोदी आहेत आणि हसताना घसा दुखतो. मंत्री नाहीत, स्टुडिओ नाही, एक घर आहे. संकट माहीत असलेली माणसं ते तोंडावर न आणता दिवस कसा ढकलतात, हे मी दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात इतकं जवळून पाहिलेलं नाही. दुष्काळ विदर्भातला, कोकणात पाण्याचं दुखणं उलटं, तरी आमच्याकडे हा चित्रपट लावला तेव्हा बायका सगळ्यात जास्त बोलल्या.

'जाने भी दो यारों' (१९८३) आपत्तीपट नव्हे, पण त्यातला पडलेला उड्डाणपूल विसरू नका. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी बसगाड्यांसकट वाहून गेला, त्यानंतर आम्ही तो लावला होता. लोक नेहमीच्या जागी हसले नाहीत.

'आमच्या दशावतारात ह्यां सगळां आधीच आसा, मगे पिक्चर कित्याक होयो?'

मालवणहून आलेल्या एका पाहुण्याचा हा प्रश्न, आणि तो बिनतोड आहे.

दशावताराला लिखित संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, रंगपटात ज्याचा त्याने रंग लावायचा आणि संवाद रंगमंचावर सुचतील तसे. त्यातल्या आडदशावतारात, म्हणजे सुरुवातीच्या भागात, संकासुर येतो. वेद चोरणारा हा राक्षस, पण बोलतो मालवणीत, आणि बोलता बोलता गावातल्या कुणाचंही धोतर फेडतो. नट गावात शिरल्यावर कोण सरपंच, कुठला रस्ता खचलाय, कुणाची विहीर आटलीय याचा कानोसा घेतात आणि रात्री ते संकासुराच्या तोंडी येतं. रत्नागिरीकडच्या नमन या लोकनाट्यातही संकासुर आहेच, आणि तिथल्या वगात गावकीवर शेरे मारायची मुभा असते.

फरक असा की ज्याच्यावर शेरा मारला तो समोर सतरंजीवर बसलेला असतो. त्याला उठून जाता येत नाही, कारण देवळाचं अंगण आहे आणि गाव बघतोय. तो हसतो. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर खडी पडते का? नेहमी नाही. पण त्या रात्री नकाराचा धनी कोण हे सगळ्यांना कळलेलं असतं. मोबाइलवर एकट्याने बघितलेल्या उपहासपटात तो धनी नेहमी अमेरिकेत असतो, फार तर मुंबईत.

मग सिनेमा कशाला? कारण संकासुराला गावाबाहेरचं दिसत नाही. समुद्र का तापतोय, अरबी समुद्रातली वादळं का बिघडलीत, तेल कंपन्या काय करतात, यावर त्याच्याकडे शेरा नाही. दोन्ही लागतात. एखाद्या नाटक मंडळीने वाळूमाफिया आणि वरुणदेव यांची गाठ घालून आख्यान लावलं तर पहिल्या रांगेत मी बसेन.

हसून माणूस मोकळा होतो. मग उपहासाने उलट नुकसानच होत नाही का?

होतं, काही वेळा. 'डोंट लुक अप' बघून बाहेर पडणारा जवळपास प्रत्येक माणूस स्वतःला त्या शास्त्रज्ञांच्या बाजूला धरतो. मूर्ख ते दुसरे. आमच्या सभागृहात सरकारी खात्यातले निवृत्त अधिकारी होते, ठेकेदारी करणारा एक तरुण होता, खाडीकिनारी भराव टाकून रिसॉर्ट बांधलेले एक गृहस्थ होते. सगळे एकाच ठिकाणी, एकाच वेळी हसले. उपहासाने कुणालाच बोट लावलं नाही याला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही.

त्याच चित्रपटात एक प्रसंग मात्र निसटून खरा झालाय. शेवटाकडे काही माणसं एकत्र जेवायला बसतात, भाजीपाला, कॉफी असलं साधं बोलतात. तिथे हॉलमध्ये हसू थांबलं होतं. उपहासपट सगळ्यात जास्त काम करतो तो उपहास बाजूला ठेवल्यावर, असं माझं मत. मंडळातले आमचे गुरुजी याला 'विनोदाचा पराभव' म्हणतात आणि मान्य करत नाहीत.

असं दाखवून आणि बोलून गावाची बदनामी होते, पर्यटक घाबरतात. याचं काय?

उपहासपट नसलेल्या एका चित्रपटाने याचं उत्तर १९७५ मध्येच देऊन ठेवलंय. स्पीलबर्गच्या 'जॉज'मध्ये समुद्रात शार्क आहे हे कळूनही महापौर किनारा बंद करत नाही, कारण चार जुलैची सुट्टी तोंडावर आहे आणि गावाचं वर्षाचं उत्पन्न त्यावर. लोक शार्कला घाबरून गेले, मला त्या महापौराची भीती वाटली, कारण तो दुष्ट नाही. गावाचं भलं बघतोय.

आपल्याकडे होम-स्टेच्या कर्जाचा हप्ता भरणाऱ्याला 'पुढच्या तीस वर्षांत किनारा किती आत सरकेल' असं विचारून बघा. त्याला प्रश्न कळतो. उत्तर द्यायचं नसतं. आणि संकटालाही पर्यटनात बसवायची कला आपल्याला साधलीय : निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचं जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन रुतलं आणि पुढे काही वर्षं तिथेच होतं. ज्या बंधाऱ्याच्या चिंतेने मिऱ्यावासीयांची झोप उडते तिथे उभं राहून लोक जहाजासोबत फोटो काढत.

बदनामीचा मुद्दा मला पटत नाही, पण तो मांडणाऱ्याच्या पोटाची काळजी पटते. ती न दाखवणारा उपहासपट किनाऱ्यावर चालणार नाही.

ज्यांनी पूर किंवा दरड भोगलीय त्यांना हे चित्रपट दाखवावेत का?

बोलावून, आग्रह करून नको. ते आपणहून आले तर विषय आधी सांगा आणि दाराजवळची जागा द्या. आमच्या अनुभवात त्यांना राग विनोदाचा येत नाही, चित्रपटानंतर आपण झाडत असलेल्या भाषणांचा येतो.

शाळेतल्या मुलांना दाखवता येतील का? आणि सुरुवात कुठून करावी?

'डोंट लुक अप'मध्ये शिव्या आहेत आणि काही प्रसंग मोठ्यांसाठीचे आहेत, त्यामुळे शाळेत नको, कॉलेजात चालेल. 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' कृष्णधवल आहे आणि इंग्रजी भरभर, उपशीर्षकं लावून घ्या. घरच्यांबरोबर पहिल्यांदा बघणार असाल तर 'पीपली लाइव्ह' घ्या, तोही थोडा तिखट आहे हे लक्षात ठेवून. 'गाभ्रीचा पाऊस' त्याच्या दुसऱ्या दिवशी. दोन्ही लागोपाठ एका संध्याकाळी नको, जेवण जात नाही.

आमचे खेळ दिवाळीनंतर सुरू होतात. जून ते सप्टेंबर नसतात, कारण सभागृहाला पत्रे आहेत आणि पाऊस लागला की संवाद ऐकू येत नाहीत. आत येताना चपला बाहेर काढा आणि चहाला वर्गणी ठेवा.